बिनपट्ट्याची घागर

बीड, नदीच्या अंगाची गल्ली
सोमवार, दुपार

प्रिय सत्यभामे,

तुला वाचता येत न्हाई, म्हंजी हे पत्र शिवकन्या वाचून दाखवनार. म्हनून आधी तुज्या लेकीलाच सांगते. शिवकन्ये, तुज्या आईला मी हितं जे जे बोलनार हाय त्यातलं एक अक्षर गाळायचं न्हाई. शिव्या आल्या तर शिव्या वाचायच्या. सासू जवळ बसली असंल तर तिला बी ऐकू दे, धर्मापुरीच्या बाया काय कमी तोंडाच्या न्हाईत. अक्षर लागंना तर नेकनूरच्या शाळंतल्या गुरुजीला दोष दे. चवथीच्या पुढं त्यानं मला शिकवलं न्हाई, आन चवथीपातूर मी त्याला सुखानं शिकवू दिलं न्हाई.

तर सत्ते. अडतीस दिस झाले तुला लेकीकडं जाऊन. रोज सकाळी तुज्या दाराचं कुलूप बगते आन एक दिस वाढवते. गेलीस तर गेलीस, पर माज्याच दारावरनं गेलीस. हात गळ्यात बांधलेला, धुळाजीभाऊ पुढं गठुडं घेऊन, आन तू मान खाली घालून. मी उंबऱ्यात उभी व्हते. खांब नव्हता उभा, मी उभी व्हते. पंधरा वर्सं एका चुलीवरचा च्या प्यालो आन तुला माज्याकडं नुसतं बगायला बी जड गेलं. चार दिसांनी भाऊनं म्हशी छावनीला नेल्या, तवा तुजी मैना म्हस माज्या दारात थांबली, मान वर केली आन रेकली. ढोराला रीत कळती. मालकिणीला कळत न्हाई.

रागावले हाय मी. तुज्यावर तर हायेच, पर एकट्या तुज्यावर एवढा राग पुरवला तर तू फुगून बसशील, म्हनून वाटून देते. दोन्ही चेरमनवर हाय. त्या तात्याबावर हाय. ह्या सगळ्या गावावर हाय, आन गावात मी बी ऱ्हाते.

शिवकन्ये, तू सासरी गेलीस तवा हे एवढं नव्हतं, म्हनून तुला सांगते. साखर कारखान्यानं कबड्डीची टीम केली, पिवळ्या बनियनची. ते बगून दूध संघाच्या चेरमनला झोप येईना, त्यानं पांढऱ्या बनियनची केली. खेळनारे समदे पगारी. कागदावर कोन वाचमन, कोन शिपाई, कोन दुधाचं माप घेनारा, पर काम एकच, चढाई करायची आन मांड्या थोपटायच्या. आन गाव मधून फाटलं. ज्याच्या रानात ऊस तो पिवळा, ज्याच्या दारात म्हस तो पांढरा, आन ज्याच्याकडं ऊस बी न्हाई, म्हस बी न्हाई, तो सगळ्यात कट्टर. स्टँडवरच्या हॉटेलात पिवळ्यांची बाकडी अलग, पांढऱ्यांची अलग, मधी एक बाकडं परगावच्या लोकांसाठी. आपला न्हावी दाढी अर्धी झाली की इचारतो, कोन जिंकनार, आन जबाब मनासारखा आला तर उरलेली अर्धी करतो. कोर्टातले वकील सुदिक, एकाच्या खिशात पिवळा रुमाल, दुसऱ्याच्या खिशात पांढरा. आशिलाला वाटतं हे कायद्यावर भांडायलेत.

हे मला लई गंमतीचं वाटायचं, सत्ते. खोटं कावून बोलू. माजे मालक जित्ते व्हते तवापासनं वाटायचं. शिवकन्येला तिचा कचरूमामा आठवत असंल, डाव्या पायानं असा झोका घेऊन परत यायचा की पकडनारे एकमेकालाच धरून पडायचे. कारखान्याच्या गेटवर वाचमनची नोकरी त्या डाव्या पायानं दिली. अख्ख्या नोकरीत एक चोर धरला न्हाई त्यांनी, कारन धरायची सवय नव्हती, सुटायची व्हती. आन तुजा धुळाजी पयल्या सालापासनं संघाकडून वरडनारा. मालक चढाईला निघाले की ह्यो खाली बसून माती हातात घ्यायचा आन दात चावायचा. सामना झाला की दोघं एकाच सायकलवर घरी. मागं बसलेला पुढच्याला शिव्या देतोय, पुढचा पायडल मारतोय. आपन दोघी नदीच्या कडंला बसून बगायचो, तू पांढरी, मी पिवळी, आन मी तुला टोचत ऱ्हायची. दुधात पानी घालनाऱ्यांच्या पायात बी पानीच असनार, असं म्हनले व्हते एकदा, तवा तू मला शेंगाच्या टरफलांनी मारलं व्हतंस. घरी आलं की तुजं दूध, माजी साखर. सभासदाची साखर कारखान्यातनं सनावाराला मिळायची, तुज्या चरवीत दोघींपुरतं दूध मागं ऱ्हायचंच. संघ आन कारखाना कुठं एक झाला असंल तर माज्या चुलीवरच्या त्या पातेल्यात.

मालक गेले तवा समद्यात आधी धुळाजीभाऊ आला आन दारात मटकन बसला. पिवळ्या टीमचे दोन जन हार घेऊन उभे व्हते, त्यांना वाटलं हा पांढरा हितं कावून रडतोय. सहा वर्सं झाली. त्याच्यानंतर बी मी पिवळीच ऱ्हायले, कारन त्या बनियनला त्यांच्या घामाचा वास व्हता. दुसरं काय कारन न्हाई. गावाची निम्मी माया अशीच असती, बापाची नायतर नवऱ्याची, वर टीमचं नाव लावायचं.

आता माया काय ते बग. गहिनीनाथ तुला म्हाईत हाय, तुमच्या पांढऱ्यांचा हुकमाचा एक्का. दोन साल त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवला. तुज्या धुळाजीनं त्याला खरवसाचं पातेलं नेऊन दिलं व्हतं, मला वाटीभर बी दिला न्हाई. दिवाळीनंतर कारखान्यानं त्याला क्वार्टर दिली, पगार वाढवला आन तो पिवळा झाला. कालपातूर ज्यांनी त्याच्या नावानं दगड उचलले व्हते ते आता हार घेऊन उभे, आन ज्यांनी हार घातले त्यांनी दगड उचलले. गहिनीनाथ मातर मजेत. त्याला कुनी इचारलं न्हाई की तुजा पट्टा कुठला. ध्यानात ठेव हे, पुढं लागनार हाय.

पट्ट्याचं सांगते. हे लिव्हताना माजाच मला राग येतो. पौषात पयला सामना व्हता. कारखान्याच्या गेटला रंग दिला त्यातला वाटीभर उरलेला पिवळा रंग मी मागून आनला आन माज्या दोन्ही घागरींच्या गळ्याला बोटभर पट्टा मारला. कशाला, तर तुला चिडवायला. घागर डोक्यावर घेऊन तुज्या दारापुढनं तीनदा गेले, पानी एकदाच आनायचं व्हतं. तू काय कमी, तू चुन्यात बोटं बुडवून आपल्या घागरीला पांढरा पट्टा ओढलास. गल्लीतल्या बाया हसून हसून बेजार. आठ दिसांत समद्या गल्लीच्या घागरी रंगल्या, मग पेठेतल्या, मग नदीच्या पल्याडच्या. दोन बायांची मस्करी व्हती गं ती. एवढीच.

मग माघात हापशे आटले. नळाला आधी चार दिसांनी पानी, मग आठ दिसांनी, मग नुसती हवा. कारखान्यानं टँकर पाठवला, वर पिवळा झेंडा. त्याच्या दुसऱ्या दिवशी संघानं पाठवला, पांढरा झेंडा. लोक म्हनले पुन्याचं काम हाय. आन ह्यो तात्याबा, जो सामन्यात डफ वाजवत पिवळ्यांच्या म्होरं नाचतो, त्याला कारखान्यानं टँकरवर उभा केला. तो पयल्याच दिवशी म्हनला, पिवळी घागर पुढं, आपल्या मानसांना आधी. संघाच्या टँकरवाल्यानं ते ऐकलं आन त्यानं आपल्या मानसांना आधी केलं. आठवड्यानं 'आधी'चं 'फकस्त' झालं. पिवळ्याला पिवळं पानी, पांढऱ्याला पांढरं. दोन लाइनी. दोन्हीचं पानी एकाच तलावातलं, एकाच पंपानं भरलेलं.

दोन लाइनी बगितल्या की मला काय आठवलं ते तुला सांगायला नको, पर शिवकन्येनं तिच्या सासूला सांगावं म्हनून लिव्हते. बाहत्तरचा दुष्काळ. आपन दोघी खडी फोडायच्या कामावर, तुजी वळख नव्हती, तू समोरच्या ढिगावर. मुकादमानं पान्याचे दोन रांजन ठेवले व्हते, लिंबाच्या दोन अंगाला. कुठला कुनाचा हे लिव्हलेलं नव्हतं, लिव्हायची गरजच नव्हती. आमची वस्ती बाबासाहेबांच्या मागं जाऊन बुद्धाची झाली त्याला तवा सोळा वर्सं झाली व्हती, पर रांजनाला कुनी सांगितलं नव्हतं. एक दिस भर दुपारी तू हातोडा टाकलास आन तरातरा आमच्या रांजनाकडं आलीस. मी वगराळ्यानं पानी काढून पीत व्हते. तू माज्या हातातला वगराळा घेतलास आन तोंडाला लावलास, तोंडाला, वरून न्हाई. समद्यांचे हातोडे थांबले. मुकादम म्हनला, ए बाई, तुमचा रांजन तिकडं हाय. तू म्हनलीस, तिकडचा लांब हाय, तुज्या बापाच्या पायानं जाऊ का. तुज्या सासूनं चार दिस तुला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडचा रांजन तडकला आन मग मुकादमानं गुपचूप एकच ठेवला. तो उन्हानं तडकला का कुनी खडी मारली, ते मला इचारू नको. माजा नेम तवा बरा व्हता.

एवढं करून एक झालेला रांजन, सत्ते, पंधरा वर्सांनी त्याचे परत दोन झाले. आन ह्या खेपंला ना धर्म आडवा आला ना जात. पोरखेळ आडवा आला. पिवळ्या लाइनीत तुमचे बी हायत, आमचे बी हायत, मुसलमान हायत, मारवाड्याची सून हाय. पांढऱ्यात बी तसंच. लोक मला सांगतात, बगा मावशी, कसं समदे एक झालेत. मी म्हनते व्हय, एकमेकाला तहानलेलं ठेवायला.

आता तो दिस. पाच दिस संघाचा टँकर आला न्हाई, म्हनं चाकाचं काय तरी मोडलं. तुज्या घरात थेंब न्हाई, दोन म्हशी, छावनीत अजून नंबर लागला नव्हता. मैनेची जीभ काळी पडलेली मी बगितली. मीच म्हनले, ही घे माजी दुसरी घागर, पिवळ्या पट्ट्याची, आन जाऊन उभी ऱ्हा लाइनीत, तात्याबा काय तुजं तोंड बगनार हाय, तो गळा बगतो घागरीचा. तू न्हाई म्हनत व्हतीस. तू म्हनलीस, मनकर्णे, मला खोटं उभं ऱ्हाता येत न्हाई. मी तुला हसले. पदर पुढं ओढून गेलीस शेवटी. पुढं सात बाया व्हत्या. मागून कुनीतरी काय तरी वरडलं, तात्याबानं वळून बगितलं, तुला वळखलं. ही तर धुळाजीची, म्हनला. घागर वढली. तू सोडीनास. त्यानं ढकललं. तू त्या दगडी कट्ट्यावर हातावर पडलीस, आन हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा.

आन तू काय म्हनलीस. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, म्हनलीस पाय घसरला. धुळाजीभाऊ कुऱ्हाड घेऊन निघाला व्हता, त्याला म्हनलीस पाय घसरला. शिवकन्ये, तुला बी हेच सांगितलं असंल. अगं, ज्या गल्लीत पान्याचा थेंब कुनी सांडू देत न्हाई, जितं धुरळा घोट्यापातूर हाय, तितं पाय कशावर घसरतो. पानी असतं तर तू लाइनीत कशाला गेली असतीस. खोटं बोलायचं तर जरा माज्याकडनं शिकायचं तरी.

तुजा उजवा हात व्हता तो. त्या हातानं दोन वेळा दोन म्हशी पिळायचीस. पांढऱ्या बनियनवाला गहिनीनाथ पिवळा झाला तर त्याला क्वार्टर, आन तू एका घागरीपुरती पिवळी झालीस तर तुजं मनगट. खेळनाऱ्यानं बाजू बदलली तर बढती, बगनाऱ्यानं बदलली तर पाप. हे मी गल्लीत दहा जनांना बोलून दाखवलं. दहाच्या दहा म्हनले, मावशी, खरं हाय. आन दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा आपापला पट्टा बगून लाइनीत.

तू गेल्यावर मी काय केलं ते ऐक. दोन्ही घागरींचा पट्टा विटकरीच्या तुकड्यानं घासून काढला. आन बिनपट्ट्याची घागर घेऊन पिवळ्या लाइनीत उभी ऱ्हायले. तात्याबा म्हनला, वहिनी, कचरूभाऊच्या घरची घागर अशी उघडी, पट्टा मारून आना. मी म्हनले, ज्यानं नवरा वळखला त्याला घागर वळखू येत न्हाई का. न्हाई दिलं. पांढऱ्या लाइनीत गेले. तिथला टँकरवाला म्हनला, तुमी त्यांच्या. तवापासनं नदीच्या पात्रात झिरा उकरते. दोन तासांत एक घागर भरती, ती बी वाटीवाटीनं. पायांना गोळे येतात, पर तितं लाइन न्हाई. गल्लीतल्या बाया आधी मला हसल्या. आता तिघी येतात, घागरी घासून. एकीनं तर पट्ट्याबरूबर घागरीचा काठ बी घासला, हावरी.

मग परवाच्या शुक्रवारी फायनल झाली. नदीच्या पात्रातच मैदान. तुला म्हाईत हाय, मैदान ओलं करून दाबल्याबिगर कबड्डी होत न्हाई, नायतर गुडघे सोलतात. तर मैदानाला दोन टँकर आले. एक पिवळा, एक पांढरा. आपापल्या अर्ध्या अंगनावर दोघांनी पानी मारलं, पाइपानं, मोराच्या पिसाऱ्यासारखं, आन लोकांनी टाळ्या वाजवल्या. झिऱ्यावर मी ते बगत व्हते, हातात वाटी. माजं डोकं फिरलं. उठले, घागर घेतली आन तडक मैदानात गेले. मधल्या रेषेवर घागर ठेवली आन तिच्याशेजारी बसले, अर्धी ह्यांच्या अंगनात, अर्धी त्यांच्या. पंच शिट्टी मारतोय. मी म्हनले, मार बाबा, तुज्या शिट्टीनं घागर भरती का बगू. दोन्हीकडचे हसायले, मग शिव्या द्यायले, मग म्हातारीला उचला म्हनायले. म्हातारी म्हनले मला, पंचेचाळीसची हाय मी, त्याचा राग अलग. उचलायला दोघं आले तर मी एकाची मांडी धरली, पकड म्हनले, बाद. आख्खं पात्र हसलं. पर उठले न्हाई. शेवटी तो गहिनीनाथ आला, खाली बसला, हळूच म्हनला, मावशी, कचरूमामाचा डावा पाय बगून मी खेळायला शिकलो, तुमी उठा, मी पानी देतो. मी त्याला म्हनले, तू देऊ नको, तुला उद्या कुनी तिसऱ्यानं घेतला तर आमी कुठं जायचं.

तहसील कचेरीतले एक साहेब पावने म्हनून खुर्चीवर बसले व्हते. ते उठून आले. त्यांनी पयल्यांदा इचारलं, बाई, झालं काय. समद्या गावात ते इचारनारा तो पयला मानूस. मी बोलले समदं, दोन लाइनी, पट्टे, तुजं मनगट. ते म्हनले अर्ज द्या. शनवारी अर्ज दिला, माज्या हातानं लिव्हला. येत्या शुक्रवारी ते गल्लीत चौकशीला येनार हायत. खरं निघालं तर दोन्ही टँकर कचेरी आपल्या हाती घेनार, एक लाइन करनार, पट्टा न्हाई, झेंडा न्हाई. न्हाई निघालं तर जे चाललंय ते पाऊस येईपातूर चालनार, आन ह्या सालच्या पावसावर माजा भरोसा न्हाई. तात्याबानं आपला जबाब आधीच लिव्हून ठेवलाय, मला एकीनं वाचून दाखवला. त्यात हाय, मी कुनाला हात लावला न्हाई, बाईचा पाय घसरला, बाईनं सोता डॉक्टरला तसं सांगितलं, कागद हाय. आन तो कागद खरंच हाय, सत्ते. तुज्या तोंडचा हाय. लाइनीतल्या सात बाया म्हनतात आमची पाठ व्हती. तू आल्याबिगर ह्यातलं काय उभं ऱ्हात न्हाई.

शिवकन्ये, आता हळू वाच, पोरी. हे तुज्या आईला म्हाईत हाय, तुला न्हाई. मागून कुनीतरी वरडलं असं मी वर लिव्हलं. ती मी व्हते. मी बोळाच्या तोंडाशी उभी व्हते, माजीच घागर तुज्या आईच्या डोक्यावर बगितली, आन माज्या जिभंला पंधरा वर्सांची सवय. मी वरडले, अगं ए दुधावाले, पिवळी पट्टी लावली म्हनून म्हस काय ऊस देनार हाय का. बाया हसल्या, मी बी हसले. सत्ते, तू पाठमोरी व्हतीस, तुजे खांदे हालले, मला वाटलं तू बी हसायलीस. तू पडलीस, उठलीस, आन पयलं बगितलंस ते तात्याबाकडं न्हाई, माज्याकडं. त्या एका बगन्यानंतर तू माज्याकडं परत बगितलं न्हाईस. आन तरी बी डॉक्टरला म्हनलीस पाय घसरला, कारन तात्याबाचं नाव घेतलं की लोक इचारनार त्याला सांगितलं कुनी. माजं नाव झाकायला तू खोटं बोललीस, जिला लाइनीत खोटं उभं ऱ्हाता येत न्हाई ती. आन आता त्याच खोट्याच्या आडोशाला तात्याबा बसलाय. म्हनून हे पत्र. परळीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते, बुधवारपातूर तुला मिळंल. गुरुवारच्या गाडीनं ये. शुक्रवारी साहेबापुढं दोन नावं सांग, ढकललं तात्याबानं आन वरडली मनकर्णा. माजं गाळशील तर त्याचं बी गळंल, म्हनून माजं आधी सांग. गल्ली मला काय म्हनंल ते म्हनू दे, मी त्यांना पंधरा वर्सं हसवलंय, एक दिस थुंकून घेतील. मग तू माज्याशी बोलू नको, उंबऱ्याकडं बगू नको, मी काय मागत न्हाई. फकस्त लाइनीत माज्या पुढं उभी ऱ्हा. घागर मी उचलीन, तुज्या हाताला अजून जोर आला नसंल.

तुजीच,
जिचं नाव तू घेतलं न्हाईस ती,
मनकर्णा